अंगणातले जाते, उखळ आणि एक रिकामी जागा

नागपूरच्या नरेंद्रनगरात आमचे घर आहे आणि घराच्या पूर्वेला 12 फूट रुंद व 26 फूट लांब अशी मोकळी जागा आहे. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्या जागेत एक जुने पारिजातकाचे झाड, कुंपणावर चढलेली मधुमालती, मोगऱ्याची चार आळी, जास्वंद, कढीपत्ता, संत्र्याचे एक झाड आणि सासूबाईंनी हौसेने बांधून घेतलेले तुळशीवृंदावन एवढे होते. झाडांचे मला थोडेफार कळत होते. झाडांच्या मधे शोभेसाठी काय ठेवावे, कुठे ठेवावे आणि ते तिथे किती वर्षे टिकेल, याचा मात्र मी कधीही विचार केला नव्हता. निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवाळीपूर्वी बाग सजवायची असे मी ठरवले आणि दोन महिन्यांत अकरा वस्तू घरी आणल्या: सिमेंटचे दोन बगळे, फायबरचे एक हरीण, रेझिनच्या बेडकांची जोडी, काचेचे तुकडे बसवलेला एक मोठा गोळा, बुद्धाचे एक मस्तक, लोखंडी पत्र्याचा मोर, डोक्यावर घडा घेतलेली रंगवलेली मातीची बाई आणि भाजलेल्या मातीचे, नक्षीची भोके असलेले दोन कंदील. आज या अकरांपैकी फक्त ते दोन कंदील बागेत आहेत. बाकीच्या नऊ वस्तू का गेल्या आणि त्यांच्या जागी काय आले, ते मी इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडच्या ऊन-पावसाचा आणि मातीचा विचार करून या वस्तू निवडायला मला कोणी सांगितले असते, तर माझे पैसे आणि एक पूर्ण वर्ष वाचले असते.

दिवाळी छान गेली. थंडीचे तीन महिनेही बाग नव्या वस्तूंनी भरलेली दिसत होती आणि येणारे-जाणारे कौतुक करत होते. एप्रिलपासून परिस्थिती बदलली. नागपूरचा मे महिना वेगळा सांगायला नको. पारा 45 अंशांच्या आसपास जातो, नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत दुपारी बारा ते पाच या वेळात रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि अशा उन्हात दिवसचे दिवस उघड्यावर उभ्या असलेल्या वस्तूचे काय होते, ते मी त्या वर्षी प्रथमच लक्ष देऊन पाहिले. हरणाचा तपकिरी रंग आधी फिका झाला आणि नंतर हात लावला की बोटांना पांढरी भुकटी लागू लागली. उन्हातले अतिनील किरण रंगालाच नव्हे तर प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थालाही तोडत जातात, त्यामुळे वरचा थर सुटून पावडरीसारखा निघतो. त्यावर पुन्हा रंग दिला तरी तो थर खालून सुटतच राहतो. रेझिनच्या बेडकांपैकी एकाला पोटाशी चीर गेली. पत्र्याचा मोर दुपारी इतका तापत असे की त्याला टेकलेली मोगऱ्याची पाने कडेने करपली. दोष मोराचा नव्हता, तो सावलीतल्या भिंतीवर टांगला असता तर कदाचित आजही असता. मीच त्याला आळ्याच्या काठावर, पश्चिमेच्या उन्हात उभा केला होता.

जूनच्या मध्यावर पाऊस सुरू झाला आणि दुसरा धडा मिळाला. रंगवलेली मातीची बाई मी नागपूरच्या महाल भागातल्या एका दुकानातून आणली होती. ती भाजलेली नाही, नुसती वाळवून रंगवलेली आहे, हे मला विचारायला सुचले नव्हते आणि दुकानदारानेही ते सांगितले नव्हते. महालातच चितारओळी आहे. तिथे गणपती आणि देवीच्या मूर्ती घडतात, आणि त्या कच्च्या मातीच्या असतात, कारण त्या विसर्जनात विरघळायच्याच असतात. एवढे माहीत असूनही मी बागेसाठी तसलीच वस्तू घेतली. तिसऱ्या पावसात तिच्या डोक्यावरचा घडा खाली आला आणि आठवड्याभरात मोगऱ्याच्या आळ्यात मातीचा एक ढीग उरला. ती माती मी तिथेच मिसळून टाकली.

बगळ्यांचे प्रकरण मात्र मला अधिक शिकवून गेले. दोन्ही बगळे वजनदार होते, प्रत्येकी तीन फूट उंच, आणि मी त्यांना जमीन थोडी सपाट करून सरळ मातीवर उभे केले होते. पावसाळ्यात त्यांतला एक कुंपणाकडे झुकू लागला. मी त्याला सरळ केला, खाली विटेचा तुकडा सरकवला, तरी पंधरा दिवसांनी तो पुन्हा झुकलेला. ऑगस्टमध्ये तो पडला आणि त्याची मान तुटली. त्याच आठवड्यात घराच्या पायऱ्या दुरुस्त करायला एक गवंडी आले होते. त्यांनी पडलेल्या बगळ्याकडे पाहिले, पायाने माती उकरली आणि म्हणाले, "ताई, हे काळी माती हाय. पाणी पेलं का फुगते, उन्हात सुकली का आकसते. तुमचा बगळा काय, पाया नसन तं इथं भिंत बी हालन."

काळी माती कापसाला चांगली, एवढे शाळेत मुलांना शिकवताना मीही सांगितले होते. नागपूर हे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्वेकडच्या कडेवर वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी याच खडकाची आहे, आणि हा खडक झिजून जी माती होते तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती मोठ्या प्रमाणात असते. तिच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की ती फुगते आणि पाणी निघून गेले की आकुंचन पावते. उन्हाळ्यात आमच्या अंगणात ज्या भेगा पडतात त्यांत मनगटापर्यंत हात जातो. त्यात बागेचे एक वैशिष्ट्य असे की आपण रोज एकाच बाजूला, म्हणजे आळ्यात, पाणी घालतो. त्यामुळे बगळ्याच्या एका पायाखालची माती फुगलेली आणि दुसऱ्या पायाखालची तशीच, असे होते. तो झुकणार हे ठरलेलेच होते.

काचेच्या गोळ्याबद्दल मला आजही वाईट वाटते. तो दिसायला खरोखर सुंदर होता. सकाळचे ऊन त्याच्यावर पडले की भिंतीवर प्रकाशाचे ठिपके पसरत, आणि मी चहा घेताना ते पाहत बसत असे. फेब्रुवारीत एक शिंजीर, म्हणजे तो लहानसा जांभळा सूर्यपक्षी, त्या गोळ्यावर झेपा घेताना दिसू लागला. आधी मला वाटले की तो खेळतो आहे. पण तो दिवसभर तेच करत होता. काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या प्रतिबिंबाला तो आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा नर समजत होता आणि त्याला हाकलण्यासाठी चोच मारत होता. विणीच्या काळात शिंजीर, बुलबुल, दयाळ हे पक्षी आरशांशी आणि गाड्यांच्या काचांशी असेच भांडतात. तिसऱ्या दिवशी मी गोळ्यावर जुने फडके टाकले, आणि फडके टाकून ठेवायची वस्तू बागेत कशाला ठेवायची, असा प्रश्न पडल्यावर तो घरात नेला. आता तो दिवाणखान्यात आहे.

बुद्धाच्या मस्तकाविषयी मी थोडे अधिक लिहिणार आहे. अशी मस्तके सध्या रोपवाटिकांमध्ये आणि सजावटीच्या दुकानांमध्ये सर्रास मिळतात. मी ते घेतले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची शांतता मला भावली होती, त्याहून अधिक विचार मी केला नव्हता. ते मी जास्वंदीखाली, जमिनीवर, गवतात ठेवले होते, कारण एका चित्रात मी तसे पाहिले होते. आमच्या शेजारच्या ताई दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला कुटुंबासह दीक्षाभूमीवर जातात. एकदा त्या कढीपत्ता न्यायला आल्या असताना त्यांची नजर तिकडे गेली आणि त्या जराशा थांबल्या. मी विचारले तेव्हा त्यांनी अतिशय हळू आवाजात सांगितले, "ताई, तुमच्या मनात काही नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्या घरी बुद्धांची मूर्ती उंच जागी असते. नुसतं मस्तक, तेही जमिनीवर, असं पाहिलं की कसंसंच होतं." ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहरात आयुष्य घालवून मला हे कुणीतरी सांगावे लागले. मी त्याच संध्याकाळी ते उचलले. दुकानदाराने ते परत घेतले नाही. शेवटी माझ्या विनंतीवरून ताईंनीच त्याची योग्य ती व्यवस्था केली. त्यानंतर मी एक नियम केला: ज्या प्रतिमेची कुणी पूजा करते किंवा जिच्यासमोर कुणी नतमस्तक होते, ती आमच्या बागेत शोभेची वस्तू म्हणून येणार नाही. आमच्या सासूबाईंचेही गणपतीच्या बाबतीत हेच म्हणणे होते. तुळशीवृंदावन आहे, त्याच्यापुढे रोज दिवा लागतो, ते शोभेसाठी नाही, आणि म्हणूनच ते बागेतली सर्वांत सुंदर गोष्ट आहे असे मला वाटते.

अशा रीतीने पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी बाग जवळजवळ रिकामी झाली. तेव्हा प्रथमच मी शांतपणे बसून पाहिले की या बागेकडे आम्ही पाहतो कुठून. तीनच जागा निघाल्या. ओसरीतला झोपाळा, स्वयंपाकघराची खिडकी आणि फाटकातून आत येतानाची पायवाट. मी आधी ठेवलेल्या अकरा वस्तूंपैकी सात वस्तू या तिन्ही जागांवरून नीट दिसतच नव्हत्या. त्या दिसायच्या त्या कुंपणाबाहेरून, रस्त्यावरून जाणाऱ्यांना.

मग मी विकत काहीही न घेता दोन महिने एक खटाटोप केला आणि तोच मला सगळ्यांत उपयोगी पडला. घरातली पुठ्ठ्याची खोकी, उपड्या बादल्या, जुना डेरा असे काहीबाही घेऊन मी ते वेगवेगळ्या ठिकाणी ठेवत असे, खोक्यावर मातकट रंगाची जुनी साडी गुंडाळत असे आणि आठ दिवस तसेच राहू देत असे. झोपाळ्यावर बसून पाहायचे, खिडकीतून पाहायचे, सकाळी, दुपारी चारला आणि दिवे लागल्यावर पाहायचे. यजमानांना सुरुवातीला हे विचित्र वाटले, पण नंतर तेच म्हणू लागले की बादली अर्धा फूट डावीकडे घ्या, पारिजातकाच्या खोडामागे लपते आहे. या खटाटोपातून कळले ते असे की झोपाळ्यावरून 14 फुटांवर असलेली दीड फुटाहून कमी उंचीची वस्तू पावसाळ्यानंतर वाढलेल्या झाडोऱ्यात बुडून जाते, आणि तीन फुटांहून उंच वस्तू इतक्या लहान बागेत झाडांशी स्पर्धा करते. पायवाटेच्या वळणावर, जिथे पाऊल आपोआप मंदावते, तिथे मात्र अगदी बुटकी वस्तूही लक्ष वेधून घेते, कारण तिथे आपण वरून खाली पाहतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. दोन खोकी जवळजवळ ठेवली की डोळा त्यांची तुलना करत राहतो. एकच ठेवले की डोळा त्यावर विसावतो आणि तिथून झाडांकडे जातो.

त्याच सुमारास एका कामासाठी झिरो माईलच्या स्तंभापाशी अर्धा तास थांबावे लागले. वालुकाश्माचा तो स्तंभ आणि त्याच्याजवळचे चार घोडे मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्या दिवशी मी प्रथमच त्यांच्या पायांखालच्या चौथऱ्यांकडे आणि त्यांच्याभोवती सोडलेल्या मोकळ्या जागेकडे पाहिले. घोड्यांना उभे राहायला जमीन दिली आहे आणि दिसायला अंतर दिले आहे. माझ्या बगळ्यांना मी यांतले काहीच दिले नव्हते.

जाते आम्हाला विकत घ्यावे लागले नाही. काटोलच्या बाजूला सासूबाईंच्या माहेरच्या वाड्यात ते गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होते, सोबत एक दगडी उखळ होते, आणि वाडा पाडायचा ठरल्यावर दोन्ही वस्तू कुणीतरी फेकून देणार होते. सासूबाई तेव्हा 84 वर्षांच्या होत्या. ते जाते त्यांच्या आईचे होते. पहाटे त्यावर दळण चाले आणि त्या आईच्या मांडीवर डोके ठेवून ओव्या ऐकत पुन्हा झोपी जात, हे त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितले होते. जाते अंगणात ठेवायचे म्हटल्यावर त्यांनी प्रथम नकार दिला. जात्याला पाय लागू नये, ती लक्ष्मी आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पूर्णपणे पटले. म्हणून पायवाटेवर किंवा पायवाटेच्या काठावर नव्हे, तर पारिजातकाच्या पूर्वेला, एका हातभर उंच ओट्यावर ते ठेवायचे असे ठरले. खोक्यांच्या खटाटोपात ती जागा झोपाळ्यावरून आणि खिडकीवरून सारखीच चांगली दिसत होती. उंचीचा प्रश्न असा सुटला आणि पाय लागण्याचाही.

ओटा त्याच गवंड्यांनी बांधून दिला. तो कसा बांधला हे सांगणे गरजेचे आहे, कारण काळ्या मातीत जड वस्तू ठेवणाऱ्या प्रत्येकाला हे करावेच लागेल. त्यांनी अडीच फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल खड्डा खणून त्यातली सगळी काळी माती बाहेर काढली. त्यात मुरूम भरला, तोही एकदम नव्हे, तर चार-चार इंचांचा थर टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकून. मुरूम फुगत नाही आणि त्यातून पाणी निचरून जाते. त्यावर गिट्टीचा एक थर, मग काँक्रीट, आणि त्यावर विटांचा ओटा. पाणसळ लावून वरचा भाग तपासला, तेव्हा त्यांनी मुद्दाम एका बाजूला अगदी थोडा उतार ठेवला, म्हणजे पावसाचे पाणी जात्याखाली साचणार नाही. ओट्याच्या चारी बाजूंना वीतभर रुंद मुरमाची पट्टी सोडली, जेणेकरून आळ्यातले पाणी थेट पायाशी जाणार नाही. खर्च जात्याच्या किमतीपेक्षा अधिक झाला असे शेजाऱ्यांपैकी एकजण म्हणाले. पण जात्याची किंमत काय असते, हे मी त्यांना विचारले नाही. दोन पावसाळे झाले आहेत आणि ओटा केसभरही हललेला नाही.

जाते ठेवताना वरची तळी पूर्ण झाकून ठेवावी की थोडी सरकवावी यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. वरची तळी हातभर बाजूला करून कलती टेकवली, तर टाकीचे घाव, म्हणजे दळताना दाणा पकडावा म्हणून छिन्नीने पाडलेल्या खाचा, दिसल्या असत्या. मला ते आवडले असते. सासूबाईंना जाते उघडे पडलेले पाहवेना. शेवटी तळी जागेवरच ठेवली, खुंट्याच्या भोकात सागवानी खुंटा नवा बसवून घेतला, आणि मुखाशी पाणी साचू नये म्हणून ते पावसाळ्यात नारळाच्या करवंटीने झाकतो. शरद ऋतूत पहाटे पारिजातकाची फुले त्या काळ्या दगडावर पडतात. ती मी झाडून काढत नाही. ऊन वर येईपर्यंत ती तशीच असतात. वरून आणखी काही ठेवायची इच्छा मला कधी झाली नाही.

उखळाचा उपयोग पक्ष्यांसाठी पाणी ठेवायला करायचा हे ठरलेले होते. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी मातीचे परळ ठेवण्याची पद्धत नागपुरात घरोघरी आहे. आमचे परळ दर वर्षी कुत्री आणि मांजरे उलथवून टाकत, उखळ उलथणे शक्य नव्हते. पण उखळ खोल असते, जवळजवळ आठ इंच, आणि एवढे खोल पाणी लहान पक्ष्यांना चालत नाही. म्हणून तळाशी नदीतले गोटे भरले आणि पाण्याची खोली दीड इंचावर आणली. काही गोटे पाण्याबाहेर राहतील असे ठेवले, कारण मधमाश्या त्यांवर बसून पाणी पितात. बुलबुल आले, साळुंक्या आल्या, सातभाई तर घोळक्याने येऊन सगळे पाणी उडवून जात.

आणि मग डासांचा प्रश्न उभा राहिला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. नागपुरात पावसाळ्यात बंद पडलेल्या कूलरच्या टाक्यांमध्ये तो वाढतो, हे आपण सगळेच जाणतो, पण आपल्या शोभेच्या वस्तूही कूलरच्या टाकीसारख्याच असू शकतात, हे आपल्या लक्षात येत नाही. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी बदलले की पुरे, असे मी समजत होते. महानगरपालिकेच्या फवारणी करणाऱ्या चमूतल्या एका ताईंनी गोटे उचलून खालचा पाण्याचा थर दाखवला आणि समजावून सांगितले की नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. एडिसची अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी आले की त्यांतून अळ्या निघतात. तेव्हापासून दर रविवारी मी उखळ पूर्ण रिकामे करते, गोटे बाहेर काढते, आतली बाजू काथ्याने घासते आणि दोन तास उन्हात कोरडी पडू देते. जुलै ते ऑक्टोबर हे काम एकदाही चुकवायचे नाही, असा माझा कटाक्ष आहे. ज्या आठवड्यात बाहेरगावी जायचे असते, त्या आठवड्यात गोटे काढून उखळात कोरडी वाळू भरून जाते. गप्पी मासे सोडण्याचा सल्लाही मिळाला होता, परंतु दीड इंच पाण्यात उन्हाळ्यात मासे जगणार नाहीत. त्यांच्यासाठी दुसरे भांडे म्हणून घरातले पितळी घंगाळ वापरावे असे यजमानांनी सुचवले. तेही मी टाळले, कारण पितळेतले तांबे पाण्यात उतरते आणि ते माशांना घातक असते. ते घंगाळ, जे माझ्या आईने भंडाऱ्याहून आणले होते, ओसरीत झोपाळ्याशेजारी आहे. सणावारी त्यात पाणी भरून जास्वंदीची फुले सोडतो आणि रात्री रिकामे करून पुसून ठेवतो. उघड्यावर ठेवले असते तर त्यावर हिरवट थर चढला असता. काहींना तो आवडतो, मला चिंचेने घासलेले लखलखीत पितळ आवडते.

भाजलेल्या मातीच्या वस्तूंबद्दल माझे मत वर्षभरात फार बदलले. ते दोन कंदील ऊन-पावसात जसेच्या तसे राहिले, हे पाहून मी त्याच प्रकारच्या वस्तू शोधू लागले. सिव्हिल लाईन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात हिवाळ्यात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. तिथे बस्तरकडचे कारागीर मातीचे हत्ती-घोडे आणि ढोकरा कामाच्या धातूच्या वस्तू घेऊन येतात. ढोकरा कामात आधी मेणाची प्रतिमा करतात, तिच्यावर मातीचे लेपण देतात, भाजताना मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात; प्रत्येक वस्तूसाठी साचा फोडावा लागतो, त्यामुळे दोन वस्तू अगदी सारख्या नसतात. मला एक ढोकरा दिवा अतिशय आवडला, पण तो लहान होता, आणि बागेत ठेवला असता तर गवतात हरवला असता. मी तो घेतला आणि ओसरीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. एखादी वस्तू सुंदर असणे आणि ती बागेत शोभणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तोपर्यंत कळले होते.

मातीचा एक घोडा मात्र मी बागेसाठीच घेतला. निवडताना दुकानावरच्या आजोबांनी मला बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायला सांगितले. नीट भाजलेल्या मातीचा आवाज खणखणीत येतो. कमी भाजलेली असेल किंवा आत चीर असेल तर आवाज बसका येतो. दोन घोडे मी त्यामुळे बाजूला ठेवले आणि तिसरा घेतला. पोकळ वस्तूच्या पोटाशी भोक आहे की नाही हेही पाहायचे, नाहीतर आत पाणी साचून राहते. घोडा पायवाटेच्या वळणावर, दोन विटांच्या उंचीवर, मुरमाच्या पायावर उभा आहे. पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या पायांवर पांढरे डाग आले. मला वाटले बुरशी आहे. तो खरे तर क्षार होता: शेजारच्या आळ्याला आम्ही बोअरवेलचे जड पाणी घालत होतो, ते पाणी भाजलेल्या मातीतल्या बारीक छिद्रांतून वर चढत होते आणि उन्हात पाणी उडून क्षार मागे राहत होते. कोरड्या ब्रशने घासून ते निघाले, आणि आता त्या आळ्याला पेंच धरणातून येणारे नळाचे पाणी घालतो. घोड्याला मी रंग दिलेला नाही. मातीचा तांबूस रंग मधुमालतीच्या हिरव्यावर जितका खुलतो तितका दुसरा कुठलाही रंग खुलत नाही, आणि जसजसा काळ जातो तसतसा तो गडद होत आहे.

मुलाच्या लहानपणीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी बागेत ठेवावा, अशी सुनेची इच्छा होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली मुले असे नंदी सजवून घरोघर फिरतात, त्यामुळे त्या नंदीशी आमच्या सगळ्यांच्या आठवणी जोडलेल्या आहेत. आम्ही तो एक महिना जास्वंदीजवळ ठेवून पाहिला. सागवान असूनही चाकांच्या खाली वाळवी लागण्याची चिन्हे दिसली. तो लगेच आत आणला, जवसाचे तेल चोळले, आणि आता तो वर्षातून एकच दिवस बाहेर येतो.

दिव्यांच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. सौर दिव्यांचे दांडे मी एकदा ओळीने रोवले होते. त्यांच्या पांढऱ्या उजेडात बाग दवाखान्याच्या आवारासारखी दिसू लागली. ते काढले. आता दोन्ही मातीच्या कंदिलांत पणत्या ठेवतो, एक ओट्याच्या पायाशी आणि एक पायवाटेवर, आणि वृंदावनातला दिवा असतोच. कंदिलाच्या भोकांतून जात्याच्या कडेवर जो उजेड पडतो, तो झोपाळ्यावरून पाहण्यासाठी सासूबाई शेवटपर्यंत रोज संध्याकाळी बाहेर येऊन बसत. गेल्या मार्गशीर्षात त्या गेल्या.

संत्र्याच्या झाडाशेजारी एक जागा अजून रिकामी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती अगदी समोर दिसते. तिथे कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मातली बुटकी दीपमाळ चांगली दिसेल असे मला वाटते, यजमानांना भद्रावतीच्या कुंभारकामातला उंच रांजण हवा आहे. सध्या तिथे एक खोके उभे आहे, त्याला तीच मातकट साडी गुंडाळलेली आहे, आणि चैत्रातले ऊन त्यावर किती वाजेपर्यंत असते, ते आम्ही रोज पाहत आहोत.